ऋत्विकची हळद

अमोलने बायकोला मदत करायला म्हणून तीन दिवसांची रजा टाकली, हे ऐकूनच दिपिकाने धसका घेतला. अमोल मदत वाईट करायचा असं नाही. तो ती फार मनापासून करायचा, भीती त्याचीच होती. मागच्या दिवाळीला त्याने स्वयंपाकघर लावून दिलं होतं. सगळे डबे एका उंचीचे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, आणि त्यानंतर हिंग कुठे आहे ते तुळशीच्या लग्नापर्यंत घरात कोणाला कळलं नाही.

दिपिकाचा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं असे आठ वर्षांचे फोटो तिच्याकडे सात हार्ड डिस्कवर साठले होते. एका डिस्कवर ‘नवीन’ असं लिहिलं होतं, ती सगळ्यांत जुनी होती. मग ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ होत्या. एकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिला घरात ‘ती काळी’ म्हणत, पण सगळ्याच काळ्या होत्या. तरी शेजारच्या वरसे गावातल्या कुठल्या बाळाचं बारसं कुठल्या डिस्कवर आहे, हे दिपिका झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

“पण एकच फोटो चार-चार ठिकाणी कशाला?” अमोल विचारायचा.

“असू दे. एक गेला तर दुसरा असतो.”

“नीट ठेवल्यावर जाईल कशाला?”

शेवटी दिपिका दोन दिवस वरशाला एका कार्यक्रमाच्या कामावर गेली आणि अमोलने नवी मोठी हार्ड डिस्क आणून घरात बैठक मारली. ती परत आली तेव्हा टेबलावर एकच डिस्क होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत ‘सर्व फोटो (वर्षवार)’ लिहिलेलं होतं. बाकीच्या सात डिस्क खिडकीत एकीवर एक रचून ठेवल्या होत्या.

“अकरा हजार फोटो उडवले!” अमोल म्हणाला. डास मारल्यावरच माणूस इतक्या आनंदाने सांगतो.

“काय केलंस?”

“डबल होते गो ते. एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. एकसारखे फोटो शोधतं, एक ठेवतं, बाकीचे उडवतं. आणि जुन्या साती डिस्क पुसून स्वच्छ केल्या. आता नवीन कामाला वापर.”

दिपिका खुर्चीत बसली. तिने ‘वर्षवार’ उघडून पाहिलं. खरोखरच सगळं छान लावलेलं होतं. साल, महिना, गाव, आडनाव. तिला वाटलं, आपण उगाच घाबरतो. तेवढ्यात फोन वाजला.

फोन काळुराम घरतांचा होता. वडखळच्या पुढे खाडीकडच्या गावात त्यांचं घर, मिठागरावर आणि भातशेतीत सगळं आयुष्य गेलेलं, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. डिसेंबरात त्यांच्या जुळ्या मुलांची, आदर्श आणि ऋत्विकची, एकाच मांडवात लग्नं झाली होती. पेणकडचं दिपिकाला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. अल्बममध्ये कोणते फोटो घ्यायचे, यावर त्या घरात चार महिने एकमत होत नव्हतं.

“पोरी, रविवारी पूजा हाय. पावनं येनार. सगलं फोटो टीव्हीवर लावायचं हायत. पेन ड्राइव्ह करून दे. आनि हलदीचं पयलं टाक. सूनबाय रोज इचारते.”

“देते काका. रविवारच्या आत.”

तिने ‘डिसेंबर’ उघडलं, मग ‘घरत’, मग ‘हळद’. आदर्शच्या हळदीचे फोटो एकशे बासष्ट. ऋत्विकच्या हळदीचे तीन.

तिने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. तीनच होते. एकात हळदीचं ताट होतं, दुसऱ्यात रिकामा पाट आणि तिसऱ्यात मांडवाच्या खांबाशी झोपलेला कुत्रा.

“अमोल,” ती हळूच म्हणाली, “त्या सॉफ्टवेअरला तू नक्की काय सांगितलंस?”

अमोलने दाखवलं. एक पट्टी होती. डाव्या टोकाला ‘अगदी तोच फोटो’ आणि उजव्या टोकाला ‘साधारण सारखा’. अमोलने ती उजवीकडे पार टोकाला नेली होती.

“तिकडे नेली की जास्त जागा मोकळी होते,” तो म्हणाला.

“अरे, जुळे आहेत ते! एकच मांडव, एकच पाट, दोघांना तसलंच बनियन, तसलीच लुंगी, आणि वर नखशिखांत हळद! त्याला वाटलं एकच माणूस आहे!”

अमोलने पट्टी पुन्हा डावीकडे ओढली. “चेहरे काय भारी ओळखतं पण,” तो म्हणाला, आणि दिपिकाची नजर पाहून चहा टाकायला उठला.

कॅमेऱ्यातली कार्डं केव्हाच पुसून पुढच्या कामांना वापरली होती. उडवलेले फोटो परत आणण्याचं दुसरं एक सॉफ्टवेअर अमोलने लावलं. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं आणि त्याने चाळीस फोटो आणले. प्रत्येकात वर मांडवाची झालर, मधे अर्धं कपाळ आणि त्याखाली नुसतं राखाडी.

“एक सुचवू?” दुसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवत अमोल म्हणाला. “आदर्शचेच फोटो निम्मे ऋत्विकच्या नावावर टाक. मशीनला फरक कळला नाय, लोकांना काय कळणार?”

“लग्नाचे फोटो आहेत, रेशनच्या कुपनाचे नाय. त्या पोराच्या अंगाला एकदाच हळद लागली. त्याची बायको जन्मभर ते फोटो बघणार, आणि बघणार दुसऱ्यालाच?”

अमोल खाली मान घालून खिडकीतल्या सात रिकाम्या डिस्क उगाच सरळ करत बसला.

आता आशा एकच होती. लग्नाचा व्हिडिओ पेणच्या धनेशने काढला होता. व्हिडिओतून फोटो काढता आले असते, अगदी चांगले नाही, पण ऋत्विकचे तरी. नेहमीची कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून दिपिकाने रोहा स्टँडवरून पेणची एसटी धरली. वाटेत काळुरामांचे दोन फोन आले. पहिला तिने उचलला नाही. दुसरा उचलला आणि म्हणाली, “काका, रंग जरा नीट करतेय.”

“कसला रंग?”

“हळदीचा.”

“हलदीचा रंग पिवला,” काळुराम म्हणाले. “त्यात नीट काय करायचा?”

पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर धनेशचं दुकान होतं. धनेश स्वभावाने निवांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोन वडापाव मागवले आणि म्हणाला, “व्हिडिओ हाय ना. पूर्ण हाय.”

दिपिकाच्या जिवात जीव आला.

“पण माझ्याकडं नाय. माझ्याकडं जागाच नव्हती. सगळा माल डिस्कवर भरला आणि मागच्या आठवड्यात काळुरामकाकांकडं पोचवला. त्यांच्या धाकट्या सुनेनं मागितला होता, करिश्मानं. तिला ऋत्विकची हळद बघायची होती.”

“तुझ्याकडे एकही प्रत नाही?”

“अगो, एकच गोष्ट चार-चार ठिकाणी ठेवून काय करायची?” धनेश म्हणाला. दिपिकाने वडापाव खाली ठेवला.

त्याच्या मोटारसायकलवरून दोघं निघाली. वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली होती. ऊन मी म्हणत होतं. दोन कंटेनरांच्या मधे उभं राहून दिपिकाने मनातल्या मनात बोलायचं ठरवून टाकलं. आधी डिस्क मागायची. डिस्क मिळाली तर गप्प राहायचं. नाही मिळाली तर सगळं खरं सांगायचं, हात जोडायचे आणि काका जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्यानंतर पेणकडे तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती, पण निदान रात्री झोप लागली असती.

काळुरामांच्या घरी पोचली तर घर उलटंपालटं झालेलं. गाद्या ओसरीवर, कपाटं उघडी, आणि जुळ्यांची आई पलंगाखाली केरसुणी घालून काहीतरी ओढत होती.

“काय झालं काकू?”

“अगो, ती व्हिडिवची डिस्क! आठ दिस झालं, मिलत नाय. याच कपाटान ठेवली होती. घरातली वस्तू जाते कुठं?”

सगळ्यांत जोरात शोधत होता तो ऋत्विक. तो माळ्यावर चढून जुनी पिंपं, तुटका पाळणा आणि गणपतीचं मखर बाजूला करत होता आणि दर दोन मिनिटांनी वरून ओरडत होता, “इथं पण नाय!” खाली करिश्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. लग्नाला चार महिने झाले तरी नवी नवरी म्हणूनच घरात वावरणारी, पण डोळा तीक्ष्ण.

“ताई, बरा झाला तुम्ही आलात,” ती म्हणाली. “डिस्क गेली तर गेली. तुमच्याकडं फोटो हायतच ना? आमची जाऊबाय आदर्शभावजींच्या हळदीचे फोटो मोबाईलवर लावते. माझ्याकडं ह्यांचा एक नाय. मला सगळे पाहिजेत. मी एकेक मोठा करून बघणार हाय.”

“हो,” दिपिका म्हणाली. “त्याबद्दलच बोलायचं होतं. काका कुठे आहेत?”

“शेतावरनं येतायत. बसा.”

दिपिका पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी गेली. तिथे टाकीजवळ उभी राहून ती मनात वाक्यं जुळवत होती. ‘काका, माझ्याकडून एक चूक झालीय.’ की ‘काका, आधी बसा’? इतक्यात मागून जळमटांनी माखलेला ऋत्विक आला. त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, एक काम कराल माझं?”

“काय?”

“माझे हळदीचे फोटो उडवाल?”

दिपिकाला वाटलं, उन्हाने आपल्याला भलतंच ऐकू येतंय.

“उडवू?”

“कायमचे. म्हणजे कोणी कितीबी शोधले तरी परत येणार नाय असे. हात जोडतो. व्हिडिओची काळजी नको, ती डिस्क मीच तांदळाच्या पिंपात तळाला घातलीय. पण तुमचे फोटो कसे घालू पिंपात? चार महिने मला धड झोप नाय.”

“अरे, पण का?”

ऋत्विकने पुन्हा दाराकडे पाहिलं. “ते फोटो माझे नायतच.”

मग त्याने सांगितलं. हळदीच्या दिवशी त्याची रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत सकाळची पहिली शिफ्ट होती. लग्नासाठी रजा जपून ठेवली होती, म्हणून म्हटलं दुपारी दोनला सुटू आणि सरळ घरी जाऊ. पण पुढच्या शिफ्टचा माणूस आलाच नाही. प्लँट चालू असताना जागा सोडता येत नाही. दुसरी शिफ्टही त्यालाच करावी लागली. इकडे मांडव भरलेला, डीजे लावलेला, धवलारीण बाई गाणी म्हणतेय, हजार माणूस बसलेलं, आणि आदर्शची हळद झाल्याबरोबर काळुराम गरजले, “ऋत्विकला आना!”

“आदर्शनं मला फोन केला. मी म्हटलं, बाबा मला जिवंत गाडतील. तो म्हणाला, थांब. मागं गेला, दोन बादल्या पाणी ओतून घेतला, दुसरी लुंगी नेसला आणि माझ्या पाटावर जाऊन बसला. त्याला दोनदा हळद लागली, ताई. मला लागलीच नाय. मी पोचलो तेव्हा मांडवात फक्त कुत्रा होता.”

म्हणजे त्या सॉफ्टवेअरला वाटलं होतं एकच माणूस आहे, आणि माणूस एकच होता.

“करिश्माला ठाव नाय,” ऋत्विक म्हणाला. “आदर्शच्या हनुवटीखाली टाके हायत, लहानपणी पडलेला. ती फोटो बोटांनी मोठा करून बघते, ताई. तिला कळला की नवऱ्याला हळद न लागताच लगीन झाला, तर ती काय म्हणेल? आणि बाबांना कळला तर? उडवता येतील का?”

दिपिकाने तोंडावर पाण्याचा हबका मारला, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसू नये.

“बघते,” ती गंभीरपणे म्हणाली. “सोपं नसतं ते. फोटो असे सहज जात नाहीत.”

“काहीतरी करा.”

“करते. पण तुझ्या बायकोला मग काय दाखवू?”

ऋत्विक अंगावरची जळमटं झटकू लागला. पुढच्या दारी काळुरामांचा आवाज आला, “आली का पोर? आनले का फोटो?” आणि ऋत्विकचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याकडे बघता बघता दिपिकाला मात्र, चार दिवसांत पहिल्यांदाच, काहीतरी सुचलं.

ती ओसरीवर गेली. सगळे जमले होते. काळुराम झोपाळ्यावर बसले होते, पायाला शेतातली माती. दिपिका उभ्यानेच म्हणाली, “काका, खरं सांगते. ऋत्विकच्या हळदीचे फोटो चांगले राहिले नाहीत. अल्बमात घालण्यासारखा एकही नाही. चूक माझ्या घरची आहे, तुमच्या कोणाची नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर मी ते पुन्हा काढते. आत्ता. कॅमेरा आणलाय.”

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. करिश्माचा चेहरा पडला, पण मग ती हळूच म्हणाली, “म्हणजे मला यांची हळद डोळ्यांनी बघायला मिळेल?”

“असा कधी करतात काय?” जुळ्यांची आई म्हणाली. “लगीन होऊन चार महिने झाले.”

काळुराम एवढा वेळ एकदा दिपिकाकडे आणि एकदा ऋत्विककडे बघत होते. मग त्यांनी पायाने झोपाळा थांबवला.

“पाट काढा,” ते म्हणाले. “घरात हलद हाय ना? मंग कालवा.”

अर्ध्या तासात अंगण भरलं. शेजारच्या बायका आल्या, कोणी आंब्याचा टहाळा आणून खांबाला बांधला, धवलारीण बाईंना घरून बोलावलं, आणि कारण नीट कोणालाच ठाऊक नसताना गाणी सुरू झाली. ऋत्विक बनियन-लुंगीवर पाटावर बसला. आदर्श कंपनीतून नुकताच आला होता. तो दारात थबकून म्हणाला, “हे काय? मी पण बसू काय?”

“तू नको,” काळुराम म्हणाले. “तुझी पोटभर झाली.”

आदर्श आत निघून गेला. दिपिकाने कॅमेरा डोळ्याला लावला होता, पण तिचं लक्ष त्या वाक्यावर अडकलं.

आईने हळद लावली, आत्याने लावली, शेजारणींनी लावली. करिश्मानेही लाजत लाजत दोन्ही गालांना बोटं टेकवली, तेव्हा ऋत्विकच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हळद ओघळून हनुवटीपर्यंत आली. दिपिकाने तो फोटो घेतला. एकदा नव्हे, नऊ वेळा.

शेवटी काळुराम उठले. ताटातली उरलेली सगळी हळद त्यांनी ओंजळीत घेतली आणि पोराच्या तोंडाला, मानेला, कानांच्या मागे चोळून चोळून लावली, लहान मुलाला अंघोळ घालावी तशी. दिपिका जवळ सरकली होती, म्हणून ते कानात बोलले तेही तिला ऐकू आलं.

“शिफ्ट सुटली नव्हती तर फोन करायचा व्हता. मी आलो असतो कंपनीच्या गेटवर. दोघांतला कोन पाटावर बसलाय, ते बापाला कलत नाय काय?”

ऋत्विकने दचकून वर पाहिलं. “मंग... तेव्हा बोलला का नाय?”

“हजार मानूस बसला व्हता. काय बोलू?” काळुरामांनी त्याच्या कपाळावर अंगठा ओढला. “चार महिने जीव लागून ऱ्हायला व्हता. आता बरा झाला.”

ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले, आणि कॅमेऱ्यामागच्या दिपिकाला तसल्याच हळू आवाजात म्हणाले,

“आनि पोरी, हे फोटो तरी आता हरवू नको.”

त्यानंतरचा फोटो हललेला आला.